आधी धूळ हटवा, मग आवळा सांगा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद,
नेहरूनगर, बेळगाव.

विषय : सीमाभागातली धूळ-धूर, रक्तवाहिन्यांचं आरोग्य आणि वनस्पतींमधली पॉलिफेनॉल्स यांविषयी लोकांना खरं ते सांगण्याबाबत.

महोदय,



निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या दुकानांत आणि घरोघरच्या फोनवर हल्ली आवळ्याचे रस, हळदीच्या गोळ्या, ग्रीन टीचे अर्क आणि तऱ्हेतऱ्हेचे काढे यांच्या जाहिराती सतत दिसतात. प्रदूषणापासून रक्षण, रक्तशुद्धी, नसा मोकळ्या, हृदय तंदुरुस्त, असं सगळं एका बाटलीत मिळेल असं त्या सांगतात. त्या वाचणाऱ्यांमध्ये तंबाखूच्या वखारीत दिवसभर चाळण हलवणारी बाई असते, महामार्गाच्या कडेला चहाची टपरी चालवणारा असतो, उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा कामगार असतो. त्यांचा प्रश्न साधा आहे. हे घेतलं तर धुळीचा त्रास अंगाला कमी लागेल का?

या प्रश्नाचं उत्तर बाटली विकणाऱ्यानं देऊ नये. ते तुम्ही द्यावं, यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. वनस्पतींमधल्या पॉलिफेनॉल्स या द्रव्यांत गुण आहे. पण तो ताटातून, सवयीनं आणि मर्यादेतच मिळतो. धूळ आणि धूर कमी करण्याला तो पर्याय नाही. या दोन्ही गोष्टी एका दमात, पुराव्यासह सांगण्याचा अधिकार आणि साधनं तुमच्याकडे आहेत. २००६ मध्ये प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून बेळगावात सुरू झालेली तुमची संस्था पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करते. एका बाजूला खानापूरचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला निपाणीच्या वखारी, अशा जागी ती उभी आहे. हा विषय तुमच्या दारातला आहे.

आधी आमच्या हवेबद्दल. पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबरचा आणि आताचा ४८ नंबरचा, निपाणीला लागून जातो. तवंदी घाट चढताना मालानं भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत जातात आणि काळा धूर मागे सोडतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या, फडातलं पेटवलेलं पाचट आणि गुऱ्हाळांच्या चिमण्या यांची भर पडते. बेळगावात फौंड्र्या आहेत. खेड्यात अजूनही कितीतरी घरी चूल पेटते आणि तिच्यात तंबाखूच्या काड्यासुद्धा जातात.

केंद्र सरकारनं जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यात कर्नाटकातली बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही चार ठिकाणं आहेत. महाराष्ट्राच्या यादीत कोल्हापूर आणि सांगली आहेत. म्हणजे आमच्या उत्तरेला यादीतलं शहर, दक्षिणेलाही यादीतलं शहर, आणि मधला निपाणी-बेळगावचा पट्टा यादीबाहेर. कोगनोळीचा नाका ओलांडला की ट्रकचं राज्य बदलतं, धूर तोच राहतो.

याच महामार्गावर १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. वखारींतल्या बायकांची संघटनाही त्याच काळात उभी राहिली, सुभाष जोशींनी ती बांधली. अनिल अवचटांनी त्या बायकांवर लिहिलं. १९८२ मध्ये युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं त्यांनाच बरोबर घेऊन ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्या लढ्यात मजुरी, कामाचे तास आणि माणुसकीची वागणूक हे प्रश्न पुढे होते, आणि ते रास्तच होते. आज त्यांच्या जोडीला शरीराच्या आतला प्रश्न घ्यायला हवा.

वखारीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा ठसका लागतो. वाळलेला पाला कुटतात, चाळतात, काडी एकीकडे आणि भुकटी एकीकडे करतात. चाळण हलली की कवडशात तपकिरी धूळ वर उठलेली दिसते आणि बराच वेळ खाली बसत नाही. बायकांनी पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट खोचलेला असतो. पदर जाड कण अडवतो, बारीक कणांना तो अडवू शकत नाही. पापण्यांवर, भुवयांवर, कानाच्या पाळीमागे धूळ बसते. संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेतलं तरी केसांचा वास जात नाही. दुपारी भाकरीनंतर गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे घसा मोकळा होतो, अशी पद्धत आहे. या धुळीत निकोटीन असतं. ते श्वासातून आणि ओल्या कातडीतूनही शरीरात जातं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. वखारीतली धूळ आणि महामार्गावरची काजळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण निपाणीत राहणारी बाई दिवसा पहिली खाते आणि संध्याकाळी दुसरी, वर चुलीचा धूर. तिच्या शरीरात या सगळ्याची बेरीज होते.

धूळ म्हणजे खोकला आणि दमा, एवढंच आपल्याकडे समजलं जातं. हृदयाशी तिचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो सविस्तर सांगायला हवा. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. तिथे दाह सुरू होतो आणि त्याची खबर रक्तातून सगळ्या शरीराला जाते. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. तो वाहिनीला सैल ठेवतो, रक्तातल्या चिकट कणिकांना गोळा होऊ देत नाही. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. धुरानं शरीरात ऑक्सिजनची उतावीळ रूपं वाढतात आणि ती हा वायू वापरात येण्याआधीच नष्ट करतात. मग वाहिनी आखडते, दाब वाढतो, गुठळी व्हायला वाव मिळतो. हे वर्षानुवर्षं चाललं की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो.

हा केवळ तर्क नाही. एडिंबरा विद्यापीठाचे निकोलस मिल्स आणि स्वीडनमधले त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये ३० निरोगी पुरुषांना एक तास पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात ठेवून तपासलं. त्यांच्या रक्तवाहिन्या नीट रुंदावेनात, आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमता सहा तासांनी घटलेली होती. २००७ मध्ये त्यांनी पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांवर हेच केलं. धुरात सायकल चालवताना हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा ईसीजीवर जास्त उमटल्या. एका तासानं एवढं होतं. महामार्गाकडेच्या टपरीवर माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो.

तुमच्या मूळ परिषदेचा सहभाग असलेल्या देशव्यापी अभ्यासानं २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची मर्यादा २००९ पासून ४० आहे.

आता वनस्पतींकडे येते. पॉलिफेनॉल्स हा हजारो द्रव्यांचा मोठा गोतावळा आहे. झाड ती स्वतःच्या बचावासाठी बनवतं. फळाचा गडद जांभळा-लाल रंग, तुरटपणा, कडसरपणा हे बरेचदा त्यांचेच गुण. उन्हाळ्यात खानापूरकडून पानांच्या द्रोणांत येणारी करवंदं, त्यामागोमाग येणारी जांभळं, कोकम, यांत ती आहेत. आवळ्यात आणि हिरड्यात आहेत. कांद्यात आहेत, शेंगदाण्याच्या लाल सालीत आहेत, नाचणीच्या आणि जोंधळ्याच्या टरफलात आहेत, जवसाच्या चटणीत आहेत. चहात तर भरपूर. म्हणजे आमच्या साध्या, गरिबाघरच्या जेवणात हे धन मुळातच होतं. पॉलिश केलेला तांदूळ, मैद्याची बिस्किटं आणि पाकीटबंद खाऊ यांनी ते कमी केलं.

त्यांचं काम कसं चालतं, याबद्दल लोकांना अर्धवट सांगितलं जातं. ही द्रव्यं रक्तात शिरून विष पुसून काढतात असं जाहिरात म्हणते. प्रत्यक्षात त्यांचा फार थोडा भाग आहे तसा रक्तात पोचतो. बाकीचा आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्या तुकड्यांचाही काही परिणाम होतो. मुख्य काम म्हणजे ती शरीराच्या स्वतःच्या बचाव-यंत्रणेला जागं करतात आणि अस्तरातला नायट्रिक ऑक्साइड टिकायला मदत करतात. हे हळूहळू होतं, रोजच्या आहारातून होतं. एका ग्लासानं होत नाही.

पुरावा काय म्हणतो? अमेरिकेत साडेपाच लाखांच्या आसपास लोकांचा १७ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, कडधान्यं, सुकामेवा, अखंड धान्यं जास्त आणि मांस कमी अशा भूमध्यसागरी वळणाच्या आहाराची त्यात तपासणी होती. पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमनं वाढलं की तो आहार सर्वांत कमी पाळणाऱ्यांत हृदयविकारानं होणारे मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले, सर्वांत जास्त पाळणाऱ्यांत ५ टक्क्यांनी. हा फरक मोठा आहे. पण असा आहार घेणारी माणसं इतर बाबतींतही काळजी घेतात, त्यामुळे सगळं श्रेय ताटाला देता येत नाही. तिथल्याच पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मध्यमवयीन स्वयंसेवकांना चार आठवडे ऑलिव्ह तेल देऊन मग दाट धूलिकणांच्या हवेत ठेवलं. ज्यांनी तेल घेतलं त्यांच्या रक्तवाहिन्या कमी आखडल्या. प्रयोग छोटा होता. कोकोतल्या फ्लेव्हनॉल्सवरचा २१,४४२ ज्येष्ठांचा मोठा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराच्या एकूण घटनांत दिसलेली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा प्रयोग धुरावर बेतलेला नव्हता. चीनच्या चिडोंग भागात २९१ लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं, तेव्हा हवेतून शरीरात शिरलेलं बेंझीन लघवीवाटे ६१ टक्के जास्त बाहेर पडलं. त्यातलं द्रव्य पॉलिफेनॉल नव्हे, पण जेवणातली वनस्पती शरीराला प्रदूषण निस्तरायला मदत करू शकते, हे त्यातून दिसलं.

म्हणजे आशा खोटी नाही. आता दुसरी बाजू, आणि ती आमच्या भागात जास्त मोठ्यानं सांगावी लागेल.

गोळीच्या रूपात गुण देण्याचा प्रयत्न पूर्वी एकदा अंगाशी आलेला आहे, आणि तोही तंबाखू ओढणाऱ्यांवरच. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना गाजरात असणारं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाण्यानं असं झालेलं नाही, गोळीनं झालं. ग्रीन टीच्या अर्काबाबतही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये इशारा दिला की त्यातलं मुख्य कॅटेचिन गोळीवाटे दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसतात. कपातला चहा वेगळा, कॅप्सूल वेगळी.

निपाणीच्या माणसानं तर एक गोष्ट कधी विसरू नये. तंबाखूच्या पानातही पॉलिफेनॉल्स भरपूर असतात. क्लोरोजेनिक आम्ल आणि रुटिन ही त्यातली प्रमुख. तरी तंबाखूनं कोणाच्या रक्तवाहिन्या वाचवल्या नाहीत. पॉलिफेनॉल आहे म्हणून वस्तू औषधी, हा हिशेब इथेच कोसळतो. विडी, मिश्री, तंबाखू चालू ठेवून वर आवळ्याचा रस घेणाऱ्याला हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं.

हळदीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन बरोबर दिलं तर माणसांत कर्क्युमिनचं शोषण कितीतरी पटींनी वाढतं. तेव्हापासून हळद-मिऱ्याच्या गोळ्यांचा बाजार वाढला. पण तेच पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. रक्त पातळ करणारी, साखरेची, फिटची औषधं घेणाऱ्यांनी अशी गोळी डॉक्टरला न विचारता घेऊ नये. आमटीतल्या हळदीची भीती कोणी बाळगायचं कारण नाही.

गुळाबद्दल आमच्याकडे मोठा विश्वास आहे, कारण हा गुळाचाच मुलूख. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये गुळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कोळशाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खाऊ घातल्यावर फुप्फुसातले कण जास्त प्रमाणात जवळच्या लसिकाग्रंथींकडे सरकले. प्रयोग उंदरांवरचा होता, आणि कण शरीराबाहेर गेले नाहीत, जागा बदलून आतच राहिले. त्यावर ‘गूळ खा, धूळ जाते’ असा सल्ला वखारीतल्या बाईला देता येत नाही, विशेषतः तिला मधुमेह असेल तर. कोकमाचंही तसंच. आगळात मीठ असतं, सरबतात साखर असते. रक्तदाब असलेल्या माणसानं नसा वाचवायला म्हणून रोज आगळ प्यायलं तर नुकसानच होईल.

चहाबद्दल दोन गोष्टी. बर्लिनमध्ये २००७ मध्ये १६ स्त्रियांवर झालेल्या छोट्या प्रयोगात नुसत्या चहानं रक्तवाहिनी चांगली रुंदावली, दूध घातल्यावर तो फायदा दिसला नाही. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातली पॉलिफेनॉल्स धान्य-भाजीतलं लोह अडवतात. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भाकरी आणि चहा यांवर दुपार काढणाऱ्या कामगार बाईला ‘चहा नसांना चांगला’ एवढंच सांगणं म्हणजे तिचं अर्धं नुकसान करणं. तिला सांगायचं ते असं, की जेवण आणि चहा यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेव, आणि जेवताना आवळ्याची फोड किंवा लिंबू घे. त्यातलं क जीवनसत्त्व लोह मिळवून देतं.

हे इतकं बारकाव्यानं सांगणारं कोणीतरी हवं, आणि ते जाहिरात करणार नाही. म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या करते.

पहिली. सीमाभागात एक नीट अभ्यास हाती घ्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचं आरोग्य मोजायला शरीर उघडावं लागत नाही. कोपराखाली रक्तदाबाच्या यंत्रासारखा पट्टा बांधून तो पाच मिनिटं आवळून ठेवतात आणि एकदम सोडतात. अडलेलं रक्त जोरानं परत धावतं. निरोगी रोहिणी त्या धक्क्यानं रुंद होते. आजारी रोहिणी तशीच आखडून राहते. दंडावर सोनोग्राफीचा प्रोब धरून हा फरक मिलिमीटरच्या अंशात मोजता येतो. बेळगावात सोनोग्राफीची यंत्रं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि तपासणीला राजी होतील अशी बाया-माणसं निपाणीत आहेत. त्यांच्या मर्जीनं, त्यांच्या वेळेत आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी भरून देऊन हा अभ्यास करा. त्यात दोन गोष्टींची तुलना करा. एका काळात रोजच्या जेवणात आवळा, नाचणी, जवस, हंगामाची फळं द्या. दुसऱ्या काळात त्याच वखारीत चाळणीजवळच धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवी बसवा. मग सांगा, रक्तवाहिन्यांना जास्त आराम कशानं मिळाला. या एका प्रश्नाचं उत्तर आमच्यासाठी शंभर काढ्यांच्या पाककृतींपेक्षा मोलाचं ठरेल. आणि निकाल काहीही येवो, अभ्यास संपल्यावर तो पंखा काढून नेऊ नका.

दुसरी. मराठीत आणि कानडीत एक पानभर माहिती काढा, घरी वाचून समजेल अशी. कोणतं अन्न रोज खावं, कोणत्या गोळ्या टाळाव्यात, कोणत्या औषधांबरोबर काय चालत नाही, छातीत दुखलं किंवा तोंड वाकडं झालं तर वेळ न दवडता कुठे जावं, आणि सर्वांत वर ठळक अक्षरात, की कोणताही रस धुळीचं नुकसान भरून काढत नाही. ते पान आशा कार्यकर्त्या आणि विडी कामगारांच्या संघटना घरोघर नेतील.

तिसरी आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी. तुमच्या शब्दाला प्रशासनात वजन आहे. ते वापरून जिल्हा प्रशासनाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहा, की निपाणीत हवेचं सतत मोजमाप करणारं केंद्र असावं आणि त्याचे आकडे मराठी-कानडीत रोज लोकांपुढे लावले जावेत. धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घेण्याची व्यवस्था असावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यातच घातलं गेलं होतं. ते वखारींत आणि फौंड्र्यांत खरोखर पाळलं जातं का, याची तपासणी व्हावी. पाचट न जाळता शेतातच कुजवणाऱ्या शेतकऱ्याला यंत्राची मदत मिळावी. चुलीपुढच्या घराला गॅसचा सिलिंडर परवडेल अशी सोय व्हावी. हे औषधशास्त्राबाहेरचं काम आहे असं कृपया म्हणू नका. आजाराचं कारण माहीत असताना फक्त उतारा शोधत बसणं कोणत्याही वैद्यपरंपरेला मान्य नाही. कारण टाळणं हाच पहिला उपचार, हे आयुर्वेदही निदान-परिवर्जन म्हणून सांगत आलेला आहे.

वाचकांनाही एक सांगते. संचालकांचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. ताटात भाकरी, डाळ, दोन भाज्या, कच्चा कांदा, मूठभर शेंगदाणे सालीसकट, जवसाची चटणी आणि हंगामाचं स्वस्त फळ ठेवा. त्यासाठी बाटली विकत घ्यायची गरज नाही. विडी आणि मिश्री सोडा. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं. आणि वखारीत, कारखान्यात, गल्लीत धूळ उठत असेल तर ती सोसू नका, तक्रार करा, एकट्यानं नव्हे तर मिळून करा.

संचालक महोदय, आवळा, कोकम, नाचणी यांचा मान ठेवायचा असेल तर त्यांच्याकडून होणार नाही ते काम त्यांच्या गळ्यात घालू नये. झाडांमध्ये जेवढा गुण आहे तेवढा तुम्ही मोजून सांगा, आणि उरलेलं काम ज्यांचं आहे त्यांच्याकडून करून घेण्यात आमच्या बाजूनं उभे राहा. तुमच्या उत्तराची आम्ही सीमाभागातली माणसं वाट पाहत आहोत.

आपली नम्र,
निपाणीतील एक रहिवासी